चढावरच रुसणारी गाडी

गाडीचे बिघाड दोन जातींचे असतात. एक इमानदार, दुसरे लबाड. इमानदार बिघाड म्हणजे हॉर्न वाजत नाही तर वाजतच नाही. गिऱ्हाईक येतं, बटण दाबून दाखवतं, आपण मीटर लावतो, चहा येईपर्यंत काम आटोपतं. लबाड बिघाड मात्र मिस्त्रीला पाहून दडी मारतो. गिऱ्हाईक देवाची शपथ घेऊन सांगतं की लालबर्ऱ्याहून येताना गाडी चारदा बंद पडली, आणि माझ्या दुकानासमोर तीच गाडी मुकाट चालत राहते. मग गिऱ्हाईक माझ्याकडे पाहतं, मी गिऱ्हाईकाकडे, आणि दोघांच्याही मनात एकच विचार, की समोरचा जरा येडाच दिसतो.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात गोंदिया रोडवर माझं वायरिंगचं दुकान होतं. डोळ्यांना बारीक पिना दिसेनाशा झाल्या तेव्हा बंद केलं. माझं नाव प्रभाकर, पण ते रेशन कार्डापुरतं. सगळे मला मिस्त्रीच म्हणत. स्वभाव तापट, हे घरचेही सांगतील, त्यांना आधी विचारा. कोणत्याही गाडीचं बोनट उघडलं की माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "कोन्या गाढवानं केलं हे?" आमच्या धंद्यात या वाक्याला गणपतीचा मान आहे, त्याच्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. आता खरं सांगायचं तर कित्येकदा ते गाढव म्हणजे मीच असायचो, मागच्या वर्षी त्या जागी मीच वायर जोडलेली असायची. पण गिऱ्हाइकाला ते कशाला सांगा.

लबाड बिघाडावरून आठवलं. लांजीकडे जाणाऱ्या एका बसचे दिवे एका ठरावीक पुलियावर, म्हणजे छोट्या पुलावर, विझायचे आणि पुलिया ओलांडली की आपोआप लागायचे. ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथं भूत ठरवून टाकलं आणि नारळ फोडायला सुरुवात केली. एके दिवशी मी समोरच्या सीटवर बसून गेलो. पुलियाच्या तोंडाशी खड्डा होता. त्यात चाक आदळलं की बॉडीला कसलेली अर्थिंगची वायर उचलली जायची. स्क्रूखालचा गंज खरवडला, स्क्रू कसला, भूत उतरलं. नारळ मात्र बंद झाला नाही. कंडक्टर म्हणाला, "मिस्त्री, तुमचा स्क्रू अन् आमचा नारळ, दोन्ही असू द्या ना. कोनाचं लागू पडलं, कोनाले मालूम?"

अशा गोष्टी सांगायला मजा येते. ज्या कामात मी स्वतः घाबरलो ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

बैहरच्या पुढं जंगलातल्या गावांमध्ये एका ट्रस्टचा दवाखाना काम करायचा. तिथल्या मुख्य डॉक्टर होत्या बोकारे बाई. बोलणं कमी, काम भरपूर. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं असतील, ट्रस्टला देणगीत एक नवी गाडी मिळाली. चारही चाकांना ताकद देणारी, फोर बाय फोर. पावसाळ्यात ज्या गावांना बैलगाडीशिवाय काही पोचत नव्हतं, तिथं ती जाऊ लागली. चालवायचा रामदास मेश्राम. किरनापूरकडचा, चाळिशीचा, शेतावरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता ड्रायव्हर झालेला. अबोल माणूस. गाडी अशी पुसायचा की आरशाची गरज पडू नये.

एका दुपारी बाई स्वतः दुकानात आल्या. रामदास गाडीजवळच उभा राहिला, आत आला नाही.

"मिस्त्री, ही गाडी नाल्याच्या चढावर फोर बाय फोर सोडून देते असं रामदास म्हणतो," बाई म्हणाल्या. "नागपूरचे इंजिनिअर दोनदा येऊन गेले. एकदा सेन्सर बदलला, एकदा कंप्युटर बदलला. त्यांच्यासमोर गाडी व्यवस्थित चालते. माझ्यासमोरही चालते. अडते ती फक्त रामदास एकटा असतो तेव्हा."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं, तरी रामदासनं ऐकलं असावं. त्यानं मान खाली घातली आणि बोनटवरचा नसलेला डाग पुसायला लागला.

झालं असं होतं. श्रावणात नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, एक बाई अडली होती. तिला आणायला रामदास गाडी घेऊन गेला. नाला ओलांडला, पलीकडचा चढ चढताना गाडी अडली, मागं घसरली आणि मागची चाकं चिखलात रुतून बसली. तोवर नाला वाढला होता. त्या बाईला लोकांनी खाटेवर टाकून सडकेपर्यंत आणलं. तिथून एका व्यापाऱ्याच्या जीपनं दवाखान्यात नेलं. बाई वाचली, मूलही वाचलं, पण थोडक्यात. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून काढली तर गाडी ठणठणीत! चारही चाकं फिरतात, दिवा बरोबर लागतो. ट्रस्टच्या लोकांनी सरळ अर्थ काढला. ड्रायव्हर पाण्याला भ्यायला, गाडी मुद्दाम अडवली आणि नाव सेन्सरचं सांगितलं.

"ते लोक नवीन ड्रायव्हर पाहताहेत," बाई म्हणाल्या. "मी थांबवलंय. गाडीत खरंच दोष असेल तर रामदास राहील. नसेल तर मला काही बोलता येणार नाही."

बाई बाजारात गेल्या. मी रामदासला आत बोलावलं, चहा दिला. त्यानं तो पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काम गेलं तं जाऊ द्या जी. ट्रक चालवीन, पुन्हा मोटारी बांधीन. पन खोटा म्हनून नाई जाचं मले."

मी गाडीखाली शिरलो.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगतो. अशा गाडीच्या पोटात मोठ्या गिअरबॉक्सच्या मागे एक छोटा गिअरबॉक्स असतो. इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटायची हे त्याचं काम. जुन्या जीपला त्यासाठी दांडा होता, दोन्ही हातांनी ओढा आणि दोन शिव्या घाला, की लागला. या नव्या गाडीत बटण होतं. बटण दाबलं की सीटखालची कंप्युटरची डबी पुढची चाकं जोडते. पण ती डबी आंधळी. तिला दिसावं म्हणून दोन सेन्सर, करंगळीएवढे. एक पुढच्या शाफ्टचा वेग सांगतो, एक मागच्या शाफ्टचा. दोघांचं म्हणणं जुळतंय तोवर डबी खूश. एक जण क्षणभर जरी गप्प झाला तरी तिला वाटतं आत काहीतरी मोडलं. मग मोठं नुकसान नको म्हणून ती पुढची चाकं सोडून देते आणि डॅशबोर्डवरचा दिवा मिचकवत बसते. गाडी बंद करून चालू केली की सगळं विसरून पुन्हा कामाला हजर. सपाट रस्त्यावर या शहाणपणानं कुणाचं काही बिघडत नाही. चिखलाच्या चढावर भरल्या गाडीची पुढची चाकं सुटली तर मात्र माणूस मागं मागं पाण्यात जातो.

मी पाहिलं. सेन्सर नवा, डबी नवी. वायरी ओढून पाहिल्या, हलवून पाहिल्या, मीटरचा काटा जागचा हलला नाही. सेन्सरच्या वायरीच्या प्लगवर पाणी मारलं, तरी काही नाही. प्लग रबरी ट्यूबच्या पट्टीनं छान गुंडाळलेला होता, वर चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधलेला होता. ते पाहून मी मनात म्हटलं, वा, कुणीतरी काळजीनं काम केलंय. आमच्याकडे काय ट्यूबनं बांधलेलं नसतं? सायकलचं कॅरियर, नांगराचा जोड, मोटारीचा पाइप, छत्रीची मूठ. माझ्या दुकानात खिळ्याला कायम चार पट्ट्या लटकलेल्या. ट्यूबची पट्टी दिसली की आमच्या इकडच्या माणसाची नजर तिच्यावरून पुढं निघून जाते.

संध्याकाळी नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. भला माणूस. माझ्यासारखा वायरमन फोन करतोय म्हणून तोरा नाही की काही नाही. म्हणाला, "मिस्त्री, मी दोनदा हरलोय, तुम्हाला काय सांगू? एकच गोष्ट खटकते. माझ्याकडे ती गाडी दोन्ही वेळा रिकामी आली. भरलेली मी पाहिलीच नाही."

फोन ठेवला आणि रामदासला विचारलं, "गाडी अडते तवा तू खरंच एकटा असते का बे?"

तो इकडं तिकडं पाहायला लागला. "बाईले सांगू नका जी."

"आधी बोल तं."

"बाजाराच्या दिवशी अडते. टोल्यावरचे लोक सामान घेऊन सडकेवर उभे राहतात. बुढे लोक, लेकुरवाळ्या बाया. मी बसवून घेतो. मनाई हाय, मालूम हाय मले. त्या दिवशी बी दहा-बारा जन मागं होते."

"अन् हे तू इंजिनिअरले नाई सांगतलं?"

"त्यानं गाडीचं विचारलं," रामदास म्हणाला. "लोकायचं काहून सांगू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण पहिल्यांदाच बिघाडाची शेपटी हाताला लागली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी टोल्यावर लसीकरण होतं. बाईंनी मला सोबत घेतलं आणि निघतानाच सांगितलं, "आज माझ्यासमोर अडली तर मी मानेन. नाही अडली तर हा विषय संपला." समोर रामदास आणि बाई, मागं मी आणि लशींचे डबे. सेन्सरच्या वायरीतून दोन फाटे काढून मी काट्याचा मीटर बाईंच्या मांडीवर दिला. गाडी चालू असताना सिग्नल येतोय तोवर काटा वर राहणार, सिग्नल तुटला की पडणार. बाईंनी तो मीटर दोन्ही हातांनी धरला.

नाल्याला पोटरीभर पाणी होतं, पण त्याचा रंग मला आवडला नाही. गढूळ व्हायला लागलं होतं. वर डोंगरात कुठंतरी पाऊस पडत होता. रामदासनं बटण दाबलं, दिवा लागला. गाडी पाण्यातून गेली, पलीकडच्या चढाला लागली आणि सरळ वर चढून गेली. काटा हलला नाही. दिवा मिचकला नाही.

कधी पाहिलंय का, गाडी चढावर नीट चढली म्हणून ड्रायव्हरचा चेहरा पडलेला? मी पाहिला. स्टिअरिंगवरचे हात त्यानं तसेच ठेवले आणि समोर पाहत बसला.

"बाई, अजून एक डाव," मी म्हणालो. "गाडी खाली घेऊ, मागं दगड भरू."

"दगड? मिस्त्री, पाणी चढतंय. आणि या गाडीत एवढं वजन असतं कधी?"

"असते कधी कधी," मी म्हणालो, आणि रामदासकडे पाहिलं नाही.

गाडी मागं मागं घेत पुन्हा पाण्याच्या काठाशी आणली. नाल्यातले दगड उचलून मागं टाकले, माझी कंबर बोलायला लागली, बाईंनीही पदर खोचून पाच-सहा उचलले. टायर बसले. मी मागं दगडांवरच बसलो. रामदासनं पहिला गिअर टाकला आणि चढ धरला. इंजिन घरघरत होतं. अर्ध्या चढावर बाई ओरडल्या, "पडला! काटा पडला!"

त्याच वेळी दिवा मिचकायला लागला. पुढची चाकं सुटली, मागची जागच्या जागी फिरली आणि गाडी मागं घसरायला लागली. मागच्या काचेतून मला पाणी वर येताना दिसत होतं, म्हणजे खरं तर आम्हीच त्याच्याकडे चाललो होतो. देवाचं नाव घ्यायलाही सुचलं नाही. रामदासनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गाडी वाकडी झाली आणि थांबली. मागचं चाक पाण्याच्या अगदी कडेला होतं.

पहिला रामदास बोलला. "पाह्यलं? बाई, पाह्यलं का तुम्ही? मी खोटा नाई! मी नाई बोललो खोटं!"

"पाहिलं रामदास. पाहिलं मी," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, आता आधी वर काढा गाडी."

शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण गाडी बंद करून चालू केली की डबी सगळं विसरणार, वर सपाटीवर गेलो की बिघाड पुन्हा लपणार. आत्ता तो जागेवर होता.

"बाई, इथंच पाहू द्या मले," मी म्हणालो. "वर गेलो तं हा पुन्हा हाती नाई लागत."

"पाणी वाढतंय."

"मिस्त्री म्हनतात तं पाहूनच घेऊ, बाई," रामदास म्हणाला. "मी ब्रेक नाई सोडत. मेलो तरी नाई सोडत."

चारही चाकांमागं मोठे दगड लावले. सीटखालच्या डबीचा प्लग काढला आणि मीटर थेट सेन्सरकडून येणाऱ्या दोन वायरींवर लावला. आता चाकं फिरोत न फिरोत, वायर अखंड आहे तोवर काटा वर राहणार. बाईंना म्हटलं, काटा पडला की ओरडा. रामदासला म्हटलं, ब्रेक दाबून धर, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरा जरा सोड, गाडीला वाटू दे की चढतोय. आणि मी टॉर्च घेऊन गाडीखाली सरकलो.

पाठीखाली चिखल, नाकासमोर गरम सायलेन्सर, पायांना पाण्याचा गारवा लागत होता. माझ्या अंगावर ती सगळी गाडी आणि तिच्यातले दगड, आणि चाकांमागचे दगड चिखलात सरकले तर ते पेलून धरणारा एक पाय, रामदासचा. तो पाय थरथरला असता तर ही गोष्ट सांगायला मी राहिलो नसतो.

"सोड!" मी ओरडलो.

इंजिन दबलं. अख्खा गिअरबॉक्स रबराच्या पायांवर एका अंगाला कलला, जोर लागला की तो कलतोच. आणि टॉर्चच्या उजेडात मला ती वायर दिसली. एक टोक गिअरबॉक्सवरच्या सेन्सरमध्ये, दुसरं टोक चेसिसला बांधलेलं. गिअरबॉक्स कलला तशी ती वायर धुणं वाळत घालायच्या दोरीसारखी ताणली.

"पडला!" वरून बाई.

"दाब क्लच!"

गिअरबॉक्स जागेवर आला, वायर सैल झाली.

"आला परत!"

पुन्हा केलं. पुन्हा पडला, पुन्हा आला. कंपनीनं तो प्लग गिअरबॉक्सवरच एका लोखंडी पत्तीत बसवलेला असतो. गिअरबॉक्स हलला की प्लगही हलतो, वायरीला ताण म्हणून येत नाही. इथं कुणीतरी तो प्लग तिथून काढून वर चेसिसला आवळून बांधला होता. एक टोक हलणाऱ्याला, एक टोक न हलणाऱ्याला. वरचं आवरण शाबूत, पण आतल्या तारा ताणून ताणून तुटलेल्या. सैल असताना एकमेकींना टेकत होत्या, ताण आला की सुटत होत्या. रिकाम्या गाडीत एवढा ताण येतच नव्हता. सापडला! एवढ्या दिवसांचा लबाड सापडला! आनंदानं म्हणा, संतापानं म्हणा, माझ्या तोंडून सवयीचं ते वाक्य निघालं, तेही घसा फाडून.

"कोन्या गाढवानं बांधलं हे?"

वर इंजिन बंद झालं. हँडब्रेक पुन्हा एकदा करकरला. फक्त पाण्याचा आवाज उरला. मग रामदासचा आवाज आला.

"मी बांधलं."

मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. जीभ चावून काही उपयोग नव्हता.

"पानी लागू नये म्हनून बांधलं," तो वर बाईंना सांगत होता. "शेतात मोटारीचा जोड असाच बांधतो आमी. पान्याच्या वर, आवळून, ट्यूबनं. इंजिनिअरनं सेन्सर बदलला तवा खोलला, मी पुन्हा बांधला. डबी बदलली तवा तपासाले खोलला, मी पुन्हा बांधला. मले वाटे, माह्या बांधण्यानंच थोडीबहुत टिकून हाय गाडी." मग थोडं थांबून, "अन् बाई, मी गाडीत लोकं बसवतो. बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी बी होते. मिस्त्रीनं त्याच्यासाठीच दगड भरले."

दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस आनंदानं ओरडला होता. तो खोटा नव्हता, हे सिद्ध झालं होतं. आणि त्यातूनच हे निघालं, की ती अडलेली बाई खाटेवर गेली ती याच्याच गाठीमुळं. मला माझ्या तोंडाचा असा राग त्याआधी कधी आला नव्हता. सावकाश बाहेर निघालो असतो, त्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर काय बिघडत होतं?

बाहेर आलो तेव्हा बाई नाल्याकडे तोंड करून उभ्या होत्या. "दुरुस्त होईल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हौ. अर्ध्या तासाचं काम."

रामदास माझ्याआधी खाली शिरला आणि पान्यानं नाही, दातओठ खाऊन नखांनी ती ट्यूब सोडायला लागला. मी म्हटलं, "थांब, कापू." वायरीचा तुटका तुकडा काढला, नवी वायर जोडली, झोल ठेवला, प्लग खाली गिअरबॉक्सच्या पत्तीत आणला. पत्तीचा चाप केव्हाच हरवला होता.

"कशानं बांधू?" रामदासनं विचारलं. आवाज अगदी मेलेला.

मी खिसे चाचपले. खिशातून निघाली ती ट्यूबचीच पट्टी. माझ्या खिशात दुसरं काय असणार? ती त्याच्या हातात दिली. "बांध. तुह्या हातानंच बांध. ट्यूबची गलती नव्हती, जागेची होती." त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि बांधली.

दगड तसेच ठेवून चढ चढलो. काटा वर, दिवा स्थिर. वर सपाटीवर दगड उतरवले आणि टोल्यावर गेलो. शाळेच्या ओसरीत बाईंनी सुया काढल्या. बायका लेकरं घेऊन रांगेत बसल्या. त्यांत एक म्हातारी होती, श्रावणात खाटेवर नेलेल्या त्या बाईच्या घरची, मांडीवर गुबगुबीत नातू. रामदास लशीचा डबा ठेवायला आला, तिला पाहून थबकला. मला वाटलं, माघारी फिरेल. फिरला नाही. तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माई, उस दिन गाड़ी मेरी वजह से रुकी थी," तो म्हणाला. "मैंने तार गलत बांधा था. आज मालूम पड़ा."

म्हातारीनं नातवाचं नाक पुसलं. तार कुठली, गाडी कुठली, तिला त्यातलं किती कळलं देव जाणे.

"रुकी तो रुकी," ती म्हणाली. "खाट का सिरहाना तो तू ही पकड़ा था." आणि छातीशी हात नेऊन बाईंना दाखवलं. "इत्ता पानी था, बाई. हमारे लड़के पीछे हट गए थे. ये बोला, मैं आगे चलता हूँ. सड़क तक इसने कंधा नहीं बदला."

बाईंची सुई हातातच राहिली. श्रावणातल्या त्या दिवसाबद्दल ट्रस्टमध्ये किती बोलणी झाली होती. रामदास पाण्याला भ्यायला म्हणून त्याला दोषी धरलं होतं, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रामदास," बाई म्हणाल्या, "हे तू मला का नाही सांगितलंस?"

तो उठून उभा राहिला. उर्मटपणा नव्हता त्याच्या बोलण्यात, जरासुद्धा नव्हता. "तुम्ही गाडीचं विचारलं, बाई. खाटेचं कोनी विचारलंच नाई."

बाईंनी मान वळवली आणि पुढचं लेकरू मांडीवर घेतलं.

निघालो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर पलीकडेच अडकलो असतो. नाल्याच्या काठावर बाजाराला निघालेले टोल्यावरचे लोक पाण्याकडे पाहत उभे होते, डोक्यावर टोपल्या, काखेत लेकरं. रामदासनं गाडी हळू केली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा वेग घेतला.

"थांब," बाई म्हणाल्या.

तो थांबला.

"बसव त्यांना."

रामदास वळून त्यांच्याकडे पाहत राहिला.

"पाहतोस काय? दार उघड. आणि सोमवारी लवकर ये, लालबर्ऱ्याकडे जायचंय."

लोक चढले. टोपल्या चढल्या, एक कोंबडी चढली, मी कोपऱ्यात चेपलो गेलो आणि कुणाचं तरी लेकरू माझ्या मांडीवर आलं. गाडी दगडांच्या वेळेपेक्षाही जास्त बसली. रामदासनं बटण दाबलं आणि पाण्यात घातली. मधोमध पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं. मग सडकेकडचा चढ आला, चिखलाचा, उभा. इंजिन दबलं, गिअरबॉक्स कलला असणार. मागचे लोक बाजारभावाच्या गप्पा मारत होते. बाई, रामदास आणि मी मात्र डॅशबोर्डकडे पाहत होतो.

सडकेवर आलो तरी दिवा न मिचकता लागलेलाच होता.